खुलताबादेत बॅटरीची आरती

घरावर सोलर बसवायचं, असं मी दोन उन्हाळे नुसतं बोलत होतो. व्हिडिओ इतके पाहिले होते की आमच्या उस्मानपुऱ्यात कुणाचाही फ्यूज उडाला की मी न बोलावता सल्ला द्यायला हजर. अशात खुलताबादहून ताईचा फोन आला. दाजींनी सोलर घेतलं होतं, रविवारी पूजा होती. म्हटलं चला, फिरणंही होईल आणि दाजींच्या वायरिंगमधल्या चुकाही काढता येतील.

जाणाऱ्यांनी सकाळचीच एसटी धरावी. पडेगाव सुटलं की बरं वाटतं, पण दौलताबादच्या रस्त्यावरच्या जुन्या, अरुंद दरवाजात समोरून ट्रक आला की गाडी तिथंच बसते. तेवढ्यात तिखट-मीठ लावलेला पेरू घ्यावा. नाश्त्याचा खर्च वाचतो.

दाजी निवृत्त शिक्षक, अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. वायरिंग केलं होतं गावातल्या रफिकभाईंनी. गच्चीवर मी ऐटीत मेन बंद केला आणि पॅनलच्या वायरला हात घालणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"मेन तुमी बंद केला. ऊन कोन बंद करनार?"

ऊन आहे तोवर पॅनलची वायर जिवंतच असते म्हणे. कुठलाच व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता, त्याचा हा परिणाम. मग त्यांनी माझी अंगठी काढायला लावली, टेप गुंडाळलेला पाना दाखवला, खाली नेऊन बॅटरीला लागूनच बसवलेला फ्यूज दाखवला. मी परीक्षक असल्यासारखी मान डोलावत होतो.

खालच्या कोठीत पाणी टाकायच्या चार बॅटऱ्या हळद-कुंकू लावून, हार घालून नवरदेवासारख्या बसवल्या होत्या. सकाळपासून चार्जिंग चालू होतं. रफिकभाईंनी तिथं हवा बाहेर फेकणारा पंखा लावला होता. दाजींनी तो बंद केला, खिडकीही लावून घेतली. का, तर वाऱ्यानं निरांजन विझतं! ताईच्या हातात कापराचं ताट, दारात पाहुणे मोबाइल उंचावून.

रफिकभाईंचा चेहरा उतरला. चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते, तो कोंडला तर एक ठिणगी पुरे, असं ते माझ्या कानात म्हणाले. मग सांगा की, मी म्हटलं. दुसऱ्याच्या पूजेत आपण कसं बोलावं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मी? सख्खी बहीण आत उभी, तरी चारचौघांत दाजींना टोकायला माझी जीभ उचलेना. लिहितानाही लाज वाटते. ताईनं काडेपेटी उघडली.

शेवटी रफिकभाईच पुढं झाले.

"गुरुजी, बॅटरी तर नुसती कोठी हाय. मालक वर हाय. आरती त्याची करा ना."

दाजी थबकले. उत्तर बरोबर आल्यावर मास्तरांचा होतो तसा चेहरा झाला. सगळी मंडळी गच्चीवर गेली आणि भर उन्हात सूर्याची आरती झाली. खाली रफिकभाईंनी खिडकी उघडून पंखा चालू केला. जेवताना दाजींनी ही कल्पना स्वतःची म्हणून सांगितली, रफिकभाईंनी आणखी वरण घेतलं.

परतीच्या एसटीत शेजारच्या गृहस्थांना मी बॅटरीच्या सुरक्षेवर भाषण दिलं. बिचारे पडेगावलाच उतरले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चपला काढता काढता समोर पाहिलं. कपाटात आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी, दार बंद. कपाटावर देवघर. देवापुढं समई, आणि समईपुढं डोळे मिटून बायको. आठ वर्षं रोज. जागा मीच शोधली होती, अडगळ दिसू नये म्हणून.

रफिकभाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं.

"आधी दिवा उचला. मग बोला."