शिमशोनकाकांचा उजवा हात

शिमशोनकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या कानाखाली आवाज काढला, तोही माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांसमोर. नव्वदीची सुरुवात होती. मी नाशिकरोडच्या एका शाळेत नुकताच इतिहास शिकवायला लागलो होतो आणि मुलांना देवळाली कॅम्पातलं ज्यूंचं जुनं सिनेगॉग दाखवायला घेऊन गेलो होतो. मेजावर त्यांचा सेफेर, म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेली पवित्र गुंडाळी, उलगडून ठेवलेला होता. काळी अक्षरं इतकी ताजी दिसत होती, की मी बोट लावून पाहिलं. पुढच्या क्षणी माझा चष्मा बाकाखाली होता आणि कानात शिट्टी वाजत होती.

"लागलं का, मास्तर?" त्यांनी विचारलं. "लागावं म्हणूनच मारली. आता ह्यातलं एकही पोर जन्मात बोट लावणार नाही."

मला राग आला तो थपडेपेक्षा तिच्या कारणाचा. मी बौद्ध घरातला. शिवलास म्हणून मार खाणं आमच्याकडे आजोबांबरोबर संपलं होतं, निदान मी तसं समजत होतो. ते मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. काका तोफखान्यात वीस वर्षं काढून एका कानानं बहिरे झालेले; त्यांनी चांगला कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं. मग मेजावरून चांदीची एक काडी उचलली. तिच्या टोकाला एवढासा हात होता, एक बोट पुढे केलेला.

"सेफेरला हात लावायची परवानगी कुणालाच नाही," ते म्हणाले. "माझ्या बापाला नव्हती, मला नाही. वाचताना ओळीवर हा चांदीचा हात फिरतो. तुला खालचा म्हणून नाही मारली. घाईचा म्हणून मारली."

माफी त्यांनी मागितली नाहीच. चहा मात्र पाजला, आणि चष्म्याची वाकलेली काडी पक्कडीनं सरळ करून दिली. परत निघताना माझ्या लक्षात आलं, की मी पुढच्या भेटीची तारीख ठरवून बसलोय.

बाजारामागच्या गल्लीतली ती दगडी, कौलारू इमारत इंग्रजांच्या काळात छावणीतल्या बेने इस्रायली शिपायांनी आणि रेल्वेतल्या कारकुनांनी वर्गणी काढून बांधली होती. बेने इस्रायली म्हणजे कोकणातून वर आलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. गावाकडे ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे एकेक घर इस्रायलला गेलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमेनासे झाले, तेव्हा मुंबईच्या विश्वस्तांनी तिथं संग्रहालय केलं आणि चाव्या काकांच्या हाती दिल्या. काका निवृत्त हवालदार, विधुर, एकटे. त्यांनी ते संग्रहालय चौकी सांभाळावी तसं सांभाळलं. दारात भेटवही असे. तारीख, शाळा, मुलं किती, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात ते रोज एकच लिहीत, 'सर्व ठीक'. गल्लीतल्या टोळक्यानं दगड मारून तीन काचा फोडल्या त्या दिवशीही 'सर्व ठीक' लिहिलेलं मी पाहिलंय.

शनिवार सोडून कुठल्याही दिवशी शाळा यायच्या. आधी दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली मेझुझाची डबी काका मुलांना दाखवत. आत चामड्याच्या तुकड्यावर प्रार्थना लिहिलेली असते, आत जाता-येता तिला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायचं. मग अंगणातला लाकडी घाणा फिरवून दाखवायचा. मग मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळांच्या फोडी. आणि शेवटी कीर्तन. हो, कीर्तनच. पेटी घेऊन, अस्सल मराठीत, ज्यू लोकांच्या जुन्या कथांचं. काकांना त्यातल्या दया-क्षमेच्या कथा सांगता येत नसत, किंवा आवडत नसत. त्यांच्या कीर्तनात डोळे काढले जायचे, खांब पाडून माणसं गाडली जायची. गोफणीनं दैत्याला लोळवणाऱ्या मेंढपाळाचं आख्यान आलं, की ते पेटीखालून कोयता काढत आणि लाल भोपळ्याचं एका घावात मुंडकं उडवत. बिया पहिल्या रांगेतल्या मुलांच्या अंगावर जायच्या. त्याच वेळी पलीकडच्या मैदानावर तोफांचा सराव चालू असला आणि खिडक्या थरथरल्या, तर काका वर बघून म्हणत, "ऐका, आपली पलटण साथ देतीय."

कीर्तनानंतर अंगणात गोफण. पत्र्याचा एक उंच माणूस त्यांनी भिंतीपाशी उभा केला होता, मुलं त्याला पत्रोबा म्हणायची. शहरातल्या पोरांचे दगड भलतीकडेच जात. पेठच्या डोंगरातून येऊन आमच्या वसतिगृहात राहणारी सुनंदा नावाची अकरा वर्षांची मुलगी होती, नागलीच्या शेतावर पाखरं राखलेली. तिनं पहिल्याच फटक्यात पत्रोबाच्या कपाळाला पोचा पाडला. काकांनी तिला सलाम ठोकला. त्या दिवसापासून ती माझ्या वर्गाबरोबर नसली, तरी दुसऱ्या वर्गात घुसून तिकडे जायची.

काकांच्या हाताबद्दल मी काही लपवणार नाही. तो हात चालायचा, आणि फार चालायचा. रिक्षावाला, विश्वस्तांचा कारकून, दारात सिगारेट पेटवणारा जवान, सगळ्यांनी तो खाल्लेला. "माझा हात आधी जातो, मास्तर," ते म्हणत, "मी मागून पोचतो." हे ते हसत सांगत. एकदाच हसले नाहीत. त्यांचा मुलगा बिन्यामीन, घरातला बेनी, त्याला त्यांनी लहानपणापासून कमरेच्या पट्ट्यानं, बकलाकडून मारलं होतं. अठराव्या वर्षी तो इस्रायलला गेला. जाताना बापाच्या पाया पडला नाही, नंतर पत्र नाही. मी ऐकून गप्प बसलो, कारण माझ्या पिशवीत तेव्हा लाकडी फूटपट्टी असायची आणि ती मी रेघा मारायला थोडीच ठेवली होती.

भेटीचा शेवट व्हायचा सेफेरच्या फेरीनं. पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटातून, हेखालमधून, काका तो मखमली झबल्यातला सेफेर उचलत, लहान मुलासारखा खांद्याशी धरत आणि उभ्या राहिलेल्या मुलांमधून एक फेरी घालत. विश्वस्तांना हे मान्य नव्हतं. प्रार्थनेवाचून, नुसता दाखवायला तो बाहेर काढू नये, असं त्यांनी दोनदा लिहून कळवलं. काकांचं उत्तर ठरलेलं: "पेटीत ठेवलेली रायफल गंजते." सेफेर जमिनीवर पडला तर काय, असं मी एकदा सहज विचारलं. ज्यांनी ज्यांनी तो पडताना पाहिला, त्या सगळ्यांनी चाळीस दिवस उपास करायचा, असा रिवाज त्यांनी सांगितला. मग म्हणाले, "पण माझ्या हातून पडेल कसा?"

पडला. आमच्याच शाळेची फेरी होती. गल्लीच्या तोंडाशी गोदाम असलेल्या एकाला सिनेगॉगचं अंगण हवं होतं आणि तो महिनाभर येऊन धमकावत होता. त्या दिवशी तो बुटांसकट आत आला. काका सेफेर घेऊन मधोमध होते. आधी त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तेव्हा तो मुलांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुणासाठी राखतोस रे म्हाताऱ्या? तुझं पोरगंसुद्धा तुझ्यावर थुंकून गेलं."

काकांचा हात आधी गेला. दोन्ही हातांनी धरायची वस्तू, त्यातला उजवा सुटला. सेफेर फरशीवर आपटून झबल्यातून निसटला आणि उलगडत गेला, तो आवाज मी ऐकला. काकांनी ऐकला नाही. ते त्या माणसावर तुटून पडले होते. पहिल्या ठोशाला त्याचं नाक फुटलं, दुसऱ्याला दोन दात फरशीवर आले. तो पडला, काका त्याच्या छातीवर बसले आणि मारत राहिले, थांबून, नेम धरून, तोंडावर. मुलं किंचाळत होती. मी मागून काकांच्या गळ्यात हात घालून ओढलं, तर कोपराचा तडाखा माझ्या बरगडीत बसला. तो माणूस उठायला धडपडत मागे सरकला आणि त्याचा बूट उलगडलेल्या चामड्यावर पडला. टर्रकन आवाज झाला. तो आवाज मात्र काकांना ऐकू गेला. ते वळले. फाटलेल्या चामड्यावर रक्त पसरत होतं, आणि ते त्या माणसाचंच होतं असं नाही, काकांच्या बोटांची कातडीही सोलली होती. ते गुडघ्यावर बसले आणि हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात वर धरून तसेच बसून राहिले.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रार झाली आणि दोन्हीकडून मागे घेतली गेली. विश्वस्त मुंबईहून आले. सेफेर दुरुस्त होण्यासारखा राहिला नव्हता. असा सेफेर माणसासारखा पुरतात. तो मडक्यात घालून कब्रस्तानात पुरला. संग्रहालय बंद करून चाव्या द्या, असं ते म्हणाले. काकांनी एकच मागणं मागितलं. मुलं येऊ द्या. पुन्हा हात उठला, तर कुलूप मीच लावीन आणि चाव्या घेऊन तुमच्या दारात येईन. कसेबसे ते कबूल झाले.

काकांचे उपास सुरू झाले. शनिवार सोडून रोज, उजाडल्यापासून तारे दिसेपर्यंत, पाण्याचा थेंबही नाही. मुलांना त्यांनी निरोप पाठवला, हा रिवाज तुमच्यासाठी नाही, जेवत जा. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा वर्गात चक्कर येऊन पडली. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. मी ओरडलो, तर म्हणाली, "मी पण पाह्यलं ना, सर. मंग मला पण लागतो."

मी तसाच सायकल हाणत कॅम्पात गेलो आणि काकांना नाही नाही ते बोललो. ते उठले. मलिद्याचा डबा घेऊन माझ्या सायकलवर मागे बसले. वसतिगृहात सुनंदा कॉटवर होती. काकांनी एक घास तिला भरवायला उजवा हात पुढे केला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि भिंतीला चिकटली. घास चादरीवर पडला.

ज्या मुलीनं पत्रोबाला पहिल्या फटक्यात फोडलं, ती त्यांच्या हाताला भिऊन भिंतीला चिकटली होती. काकांनी डबा माझ्याकडे दिला आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी घास भरवला, तो तिनं खाल्ला. परतताना काका चालतच निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, "बेनीसुद्धा अस्साच करायचा." मी शाळेत आलो आणि फूटपट्टी कपाटाच्या वर टाकली. ती पुन्हा उतरवली नाही, याचं श्रेय मला नाही.

पुढची दहा-अकरा वर्षं संग्रहालय चाललं. कीर्तन तसंच, तोफा तशाच. भोपळ्यावर मात्र कोयता चालत नसे, काका तो घरी नेऊन भाजी करायचे. सुनंदा वर्षभर पायरीपर्यंतच यायची, मग एकदा आत आली. पुढे डी.एड. करून ती शिक्षिका झाली आणि स्वतःची मुलं घेऊन येऊ लागली. काकांचा राग गेला होता असं समजू नका. चांदवडकडची एक शाळा आली, तेव्हा त्यांच्या बसचा ड्रायव्हर उंबऱ्यावर गुटखा थुंकला. मी समोरच होतो. काकांच्या मानेची शीर फुगली, हात खांद्याच्या वर गेला, आणि तसाच वर जाऊन चौकटीवरच्या मेझुझाला टेकला. मग त्यांनी बोटांचं चुंबन घेतलं, आत जाऊन फडकं आणलं आणि उंबरा पुसला. मला वाटलं, म्हातारा भाविक झाला.

एका हिवाळ्यात, दारातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले. पुढ्यात भेटवही उघडी होती. मुंबई-ठाण्याहून नऊ पुरुष आले. दहावा बिन्यामीन. पन्नाशीला आलेला, बापासारखाच रुंद. सेफेर पुरला होता त्याच्या पायथ्याशी काकांना जागा दिली, तशी त्यांची चिठ्ठी होती. नंतर मी त्याला संग्रहालयात नेलं. त्याचं मराठी अडखळत होतं.

"तुम्हालाही मारायचे?" त्यानं विचारलं.

"एकदा," मी म्हणालो.

"मला मोजता नाही येणार."

मी भेटवह्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. खरं तर काय करावं ते सुचेना म्हणून ठेवला. मीही त्या कधी सलग चाळल्या नव्हत्या. त्यानं पानं उलटली. 'सर्व ठीक', 'सर्व ठीक', पानंच्या पानं. मग एका तारखेला: 'सेफेर पडला. माझ्या हातून.' आणि त्यानंतर प्रत्येक दिवशी, प्रत्येक शाळेपुढे, त्याच टोकदार अक्षरात एकच शेरा: 'हात उचलला नाही.' बेनी बोट न टेकवता, वरून फिरवत वाचत होता. दोन वह्या संपल्या. तिसरीत तो थांबला आणि वही माझ्याकडे फिरवली. चांदवडच्या शाळेचा दिवस. 'आज उचलला. खाली घेतला.'

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. बेनी रडला नाही. तो म्हणाला, "माझी मुलगी वीस वर्षांची आहे. दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही." का, ते मी विचारलं नाही. त्याच्या उजव्या हाताकडे तो स्वतःच बघत होता.

मग त्यानं चालू वही ओढली. बापानं शेवटची ओळ लिहिली होती तिच्याखाली तारीख घातली. शाळेच्या जागी लिहिलं, 'बिन्यामीन शिमशोन'. मुलं किती, तिथं 'एक'. शेऱ्याच्या रकान्यापाशी आल्यावर पेन थांबलं. त्यानं ते टोपण लावून माझ्या हातात दिलं.

आता भेटवही मी भरतो, मी नसलो तर सुनंदा भरते. बेनीच्या ओळीतला तो रकाना आम्ही कोराच ठेवलाय. तो बेनीनं भरायचा आहे.