सायकलवालीची डबी
शेजारच्या अंगणात कुणी तंबाखू भाजली की त्या वासाबरोबर मला जळगाव जामोदच्या बाजारातली जीप आठवते. मी नवी सून होते. मोठ्या जावेबरोबर डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन गेले होते. पाट्या उतरवून आम्ही दोघींनी मागे बसायचं आणि तराजू सासऱ्यांनी धरायचा, अशी घरची रीत. जीपवरचा भोंगा ओरडत होता, "बायांनो, नवं राज्य आलं! पुरुष चारचौघांत बिड्या ओढतात, मग तुम्हीच चोरून का घासता?" आणि जीपमधली माणसं तंबाखूच्या मंजनाची डबी फुकट वाटत होती. डबीवर सायकलवर बसलेली, सगळे दात दाखवून हसणारी बाई होती. जाऊ ते चित्र बघतच राहिली. सासऱ्यांशी पदराआडून बोलणाऱ्या तिनं तिथंच बोटावर मंजन घेतलं आणि त्यांच्यासमोर दातांना लावलं. मी घाईनं तिचा पदर ओढला. पण सासरे हसले, "घास बाई, घास. आता तुमचंच राज आलं!" तिला धीर आला. "मंग मामाजी, पुढच्या बाजाराले तराजू मी धरू काय?" त्यांचं हसणं थांबलं. "मंजन घास अन् गप बस." ती घासत राहिली, फुकटची संपल्यावर विकतची आणून. पुढं गालात गाठ आली, तोंड उघडेना. मी चमच्यानं पेज घालायची. तराजू तिच्या हाती कधीच आला नाही. त्या डबीत मी आता सुया ठेवते. सायकलवालीचा चेहरा झिजून गेलाय, दात तेवढे अजून दिसतात.