हसनमियाँची बांग

गास गावच्या आलोशियसला वाडीपेक्षा क्लॅरिनेटचा नाद जास्त. लग्नसराईत बँडबरोबर गावोगाव फिरायचा, एरवी पानवेलींना पाणी लावायचा. तेव्हा मशिदींवर कर्णे नव्हते. सोपाऱ्याच्या हसनमियाँची बांग नुसत्या गळ्याच्या जोरावर भातखाचरं ओलांडून यायची. 'हय्या अलस्सलाह', म्हणजे 'नमाजला या', इथं आवाज वर चढे, क्षणभर थांबे आणि हळूच उतरे. त्या उतरणीशी आलोशियसच्या हातातलं फावडंही थांबायचं.

पन्नास सालच्या लग्नसराईत नाळे गावी वाजवता वाजवता त्याची बोटं आपसूक त्या उतरणीवर गेली. मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण आलोशियस हादरला. दुसऱ्या दिवशी तो तडक सोपाऱ्याला गेला आणि हसनमियाँना झालं ते सांगून मोकळा झाला.

म्हातारा रागावला नाही. "बाबा, बांग म्हणजे गाणं नव्हे. ते बोलावणं आहे," तो म्हणाला. "बाजावर वाजवू नकोस. घरीसुद्धा नको."

"नाही वाजवणार," आलोशियस म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. काही वर्षांनी हसनमियाँ तापाचं निमित्त होऊन गेले. नवा बांगी आला. त्याची बांग सरळ, खणखणीत. ती उतरण तिच्यात नव्हती. आणि तेव्हापासून आलोशियसला जुनी बांग ऐकू यायला लागली. भरदुपारी वाडीत, चर्चमध्ये मिस्साच्या मधल्या शांततेत, कधी ताटावर बसल्यावर.

"कुणी हाक मारली काय?" बायको, लिडिया, विचारायची. "घास हातातच राहिला."

तो मान हलवायचा. पुढं त्यानं बँडही सोडला. फुंकर घातली की बोटं तिकडंच ओढ घेत.

एका संध्याकाळी हसनमियाँची लेक हलीमा दारात आली. तिला भिवंडीला दिली होती. बाप गेला तेव्हा ती बाळंतीण होती, पोचू शकली नव्हती.

"अब्बा सांगायचे, गासच्या बाजेवाल्याला माझी बांग येते," ती म्हणाली. "चाचा, एकदा ऐकवा."

"वाजवणार नाही म्हणून त्यांना कबूल केलंय, पोरी."

"वाजवू नका. नुसतं गुणगुणा."

लिडियानं तिला पाट दिला. आलोशियसनं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत ती उतरण म्हटली. हलीमा जमिनीकडं बघत ऐकत राहिली.

"असं नव्हतं, चाचा," ती हळूच म्हणाली. "वर गेल्यावर अब्बांना दम लागायचा, म्हणून ते थांबायचे. उतरताना आवाज चिरकायचा. तुमचा चिरकत नाही."

त्यानं पुन्हा म्हटलं, मुद्दाम चिरकवून पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली. पाणी प्यायली, आणि टांगा खोळंबलाय म्हणून उठली.

बांग येतच राहिली. तशीच गोड, कुठंही न चिरकणारी. ती हसनमियाँची नाही हे आता त्याला ठाऊक होतं. मग कोणाची, हा प्रश्न कितीदा त्याच्या जिभेवर आला, पण लिडियापाशीही तो कधी बोलला नाही. पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवून, आवाज संपेपर्यंत तो उन्हात उभा राही.