छप्पन्नाव्या वर्षीचा विद्यार्थी

दातांचे डॉक्टर स्वभावानं भलतेच सावध. एक दाढ काढायची तर एक्स-रे चारदा बघणार. विमान उडवण्याचा छंदही त्यांनी असाच नियमाला धरून जोपासला होता. त्यांच्या खासगी परवान्याची अट एकच: हवा स्वच्छ हवी, बाहेरचं सगळं डोळ्यांना दिसायला हवं.

एका रविवारी बायकोला शेजारी बसवून ते बहिणीच्या गावाहून परत निघाले. वाटेत ढग आडवा आला. ‘एवढासा तर आहे, मिनिटात पलीकडे जाऊ,’ असं मनाशी म्हणत ते आत शिरले.

आत नुसतं पांढरं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. अंग म्हणत होतं, विमान सरळ आहे. समोरची तबकडी म्हणत होती, ते एका पंखावर कलंडलंय. त्यांनी अंगाचं ऐकलं. विमान झपाट्यानं खाली घसरू लागलं.

बायको ओरडली नाही. त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “अहो, काटे काय सांगताहेत ते मला मोठ्यानं वाचून दाखवा.”

ते वाचू लागले. वाचता वाचता हात ताळ्यावर आले, पंख सरळ झाले. ढगाखाली आले तेव्हा झाडांचे शेंडे हाताशी येतील इतके जवळ होते.

घरी दोन दिवस त्या विषयाला कुणी तोंड फोडलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, “नीट शिका, नाहीतर सोडून द्या. अर्धवट काही नको.”

डॉक्टरांनी इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी नाव घातलं. बाहेर न बघता केवळ उपकरणांवर विमान चालवायची ती पात्रता. शिक्षिका त्यांच्या मुलीच्या वयाची. बाहेरचं दिसू नये म्हणून ती त्यांच्या कपाळावर घोड्यासारखी झापड बांधायची.

“काका, मान हलवू नका. तोल कानातून कळतो, आणि ढगात कान खोटं बोलतात.”

“तीस वर्षं या हातांच्या भरवशावर दाढा काढल्या गं.”

“इथे हातापेक्षा काटा मोठा.”

पहिल्या परीक्षेत उतरताना उंची चुकली आणि ते नापास झाले. संध्याकाळी घरी त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. दुसऱ्या खेपेला पास झाले.

प्रमाणपत्र त्यांनी बायकोच्या हातात दिलं. तिनं ते बारीक अक्षरांसकट वाचलं.

“छान झालं. पण मी आता नाही बसायची.”

“आता तर सगळं शिकलोय ना?”

“तुमच्यावर राग नाही. माझंच मन धजत नाही.”

डॉक्टरांनी पुन्हा कधी आग्रह धरला नाही.

महिन्यातून दोनदा ते एकटे उडतात. नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला शिक्षिका त्यांना बोलावते. ते ढगाची हकीकत सांगतात, काही न लपवता. ‘चूक झाली’ असं ते म्हणत नाहीत. ‘मी चूक केली, आणि शेजारी माझी बायको होती,’ असं म्हणतात, आणि मग थोडं पाणी पितात.