गोष्टीतली भाजीवाली

पालेगावच्या शाळेत यशोधराबाई दुसरीच्या मुलांना खोट्या नोटा वाटायच्या आणि गोष्टींतून गणित शिकवायच्या. एकदा त्यांनी गोष्टीत लबाड भाजीवाली आणली. भाजी तीस रुपयांची, नोट पन्नासची आणि तिनं परत दिले फक्त दहा.

"कितीला फसवलं तिनं?"

"दहाला!" वर्ग हसत ओरडला.

तन्वी मात्र खिडकीतून फाटकाकडे बघत होती. तिची आई द्रौपदी शाळेच्या फाटकाशीच भाजी विकायची. सुट्टीत तन्वी म्हणाली, "बाई, माझी आई नाही फसवत."

यशोधराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळा सुटल्यावर त्यांनी द्रौपदीची माफी मागितली.

"गोष्टच होती ना, बाई," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोष्टीत इमानदार भाजीवाली आली. मुलं कुरकुरली, "बाई, कालचीच सांगा ना!"

तन्वीनं मान खाली घातली.