यादीत पावर कुठं हाय?

माझा कॉम्प्युटर कॉलेजात असताना घेतलेला, म्हणजे चांगला नऊ वर्षांचा झाला होता. त्यावर मी गेम खेळते. हे वाक्य मला लोकांना नेहमी दोनदा सांगावं लागतं. खालापूरजवळच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरीला आहे, वय बत्तीस, आणि ड्यूटी संपवून भिवपुरीला घरी आले की तासभर तलवार घेऊन राक्षसांच्या मागे धावते. लोक मालिका बघतात, मी हे करते.

त्या वर्षी एक नवा गेम आला होता. माझ्या कॉम्प्युटरवर तो असा चालायचा की राक्षसानं हात उगारला की तो खाली येईपर्यंत चहा पिऊन यावं. आख्खा नवा कॉम्प्युटर घेणं झेपणारं नव्हतं. म्हणून मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे योजना लिहिली. आधी ग्राफिक्स कार्ड, सहा महिन्यांनी प्रोसेसर, मग मदरबोर्ड, शेवटी रॅम. दोन वर्षांत, कुठलाही बोभाटा न होता, कॉम्प्युटर नवा.

ते पान बाबांच्या हाती लागलं. बाबा इथल्याच, धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या पॉवर हाऊसमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. घरात आम्ही दोघंच. घरातला प्रत्येक नळ, पंखा आणि स्विच त्यांनी एव्हाना दोन-दोनदा दुरुस्त केला होता, त्यामुळे माझी योजना त्यांना पर्वणीच वाटली.

"यात पावर कुठं हाय गं?" त्यांनी चष्मा वर करत विचारलं.

"म्हणजे?"

"नवं कार्ड करंट जास्त खानार. तुझा सप्लाय कितीचा हाय?"

"आहे तो चालेल, बाबा."

"चालंल का नाय ते नाय इचारलं. कितीचा हाय?"

मला माहीत नव्हतं. तसं कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी आमटीला फोडणी द्यायला उठले.

कार्ड घ्यायला कर्जतला स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "भावासाठी का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. "ऑफिसच्या कामाला एवढं मोठं कार्ड लागत नाही, मॅडम." मी म्हटलं, गेमसाठी. त्यावर तो हसला आणि पुन्हा म्हणाला, "मग भावाला घेऊन या ना एकदा." मला भाऊ नाही. मी कार्ड पिशवीत टाकलं आणि निघाले.

घरी आल्यावर कळलं की कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात बसत नाही. दोन बोटं लांब पडत होतं. पुढे हार्ड डिस्कचा पत्र्याचा सांगाडा आडवा येत होता, तोही रिबिटांनी ठोकलेला. बाबा आतून ड्रिल घेऊन आले. मी ओरडले, "डब्याला हात लावू नका!" त्यांनी शांतपणे सांगितलं, "आधी आतलं समदं बाहेर काढ. लोखंडाचा भुगा बोर्डावर पडला तर संपलं." मग ड्रिल माझ्या हातात दिलं आणि स्वतः नुसते बाजूला उभे राहून हुकूम सोडू लागले. सरळ धर, दाबू नको, थांब, आता मार. स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याला शिकवायचं, याचा मला तेव्हा भयंकर राग आला.

कार्ड बसलं. गेम लोण्यासारखा चालला, दहा मिनिटं. ऐन लढाईत स्क्रीन काळा झाला आणि कॉम्प्युटर खाडकन बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. बाबा दारात उभे होते. त्यांनी ते कॅलेंडरचं पान आणून माझ्यासमोर ठेवलं. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

जुना सप्लाय नव्या कार्डाला पुरत नव्हता, म्हणून नवा पावर सप्लाय आला. म्हणजे यादीच्या पहिल्याच टप्प्याचे दोन टप्पे झाले. पुढचा फेरा तर आणखी वैताग. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसत नाही, आणि नव्या मदरबोर्डाला जुनी रॅम चालत नाही, म्हणजे तिन्ही एकदमच घ्यायला हवीत. टप्प्याटप्प्याने असं मी ज्याला म्हणत होते, ती एकच मोठी पायरी होती आणि ती चढायला मला वर्ष थांबावं लागलं. त्या वर्षात रॅमचे भाव असे चढले की दुकानदारही बोलताना नजर चुकवायचा.

शेवटी तिन्ही वस्तू घरात आल्या. बाबा त्या रविवारी आत्याकडे पळसदरीला जाणार होते. मी मुद्दाम तोच दिवस निवडला. एक दिवस तरी कोणी मागे उभं राहून शिकवायला नको होतं. सकाळची वंदना झाली, बाबा निघाले आणि मी टेबल पुसून कामाला बसले. प्रोसेसर उचलला, नीट दिशा बघितली, आणि तो बोटांतून निसटला. मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या चौकोनात केसासारख्या बारीक शेकडो पिना उभ्या असतात. तो कोपऱ्यावर, नेमका त्यांच्यावर पडला.

चार पिना वाकल्या होत्या. दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, पिना वाकल्या की वॉरंटी गेली, दुसरा बोर्ड घ्या.

तीन दिवस मी बोर्ड कपाटात साड्यांखाली ठेवला आणि बाबांना सांगत राहिले की एक सुटा भाग यायचाय. चौथ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "काय मोडलं?"

मी बोर्ड काढून त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "मोडल्या नायत. वाकल्यात," म्हणाले आणि शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन बसले. सुईचं टोक पिनेजवळ गेलं आणि थरथरायला लागलं. त्यांनी हात काढला, मनगट टेबलावर टेकवलं, पुन्हा प्रयत्न केला. टोक तसंच थरथरत होतं.

त्यांनी सुई खाली ठेवली. "माजा हात हालतो गं," ते म्हणाले. "तू कर."

"कधीपासून?"

"हाय दीड-दोन वर्स."

म्हणजे त्या दिवशी ड्रिल माझ्या हातात का दिलं होतं ते मला आत्ता कळत होतं. एका घरात राहून, एका ताटलीतले शेंगदाणे खाऊन मला हे दिसलं नव्हतं. मी कुणावर चिडू तेच कळेना. "सांगायचं नाही का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू तरी पिना सांगितल्यास का?" ते म्हणाले. "धर सुई. म्होरली आधी. मुळातनं उचल, टोकातनं नको."

त्यांनी दोन्ही हातांनी टॉर्च टेबलावर दाबून धरला आणि मी भिंगातून बघत एकेक पीन सरळ केली. दीड तास लागला. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं. चौथी पीन उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "आता श्वास घे." कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला.

त्याच आठवड्यात मी त्यांना कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. जाताना सगळा रस्ता कुरकुर. वयाचा कंप आहे, गंभीर काही नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि गोळी लिहून दिली. गोळीनं थोडा फरक पडलाय. चहाची बशी आता वाजत नाही.

मात्र आता मी खेळायला बसले की ते खुर्ची घेऊन मागे बसतात. गेममध्ये एका डोंगरात जुनं धरण आहे. ते दिसलं की सांगतात, "थांब, थांब, दरवाजे बघू दे. पानी कुठनं सोडतात?"

"बाबा, मागून राक्षस येतोय!"

"येऊ दे की. हे दरवाजे उलटे बसवलेत गं."

काल त्या दरवाज्यांपायी मी तिसऱ्यांदा मेले.