बैठकीत हिरवी, तळ्यावर लाल

लुओ ई-रौ ही सायकलच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. माणूस सायकलवर बसला की त्याच्या बुडाचा भार कुठे किती पडतो, याचे आकडे दिवसभर चाळायचे आणि त्यातून काहीतरी शहाणपणाचं काढून साहेबांना दाखवायचं, हे तिचं काम. कुणी विचारलं तर ती ‘डेटाचं काम करते’ असं म्हणून मोकळी व्हायची. एकदा आत्याने फारच खोदून विचारलं, तेव्हा तिने खरं काय ते सांगून टाकलं. त्यानंतर आत्याने जेवणाच्या टेबलावर तिच्या नोकरीचा विषय कधी काढला नाही.

आठवडाभर ती परक्यांच्या बुडांत बुडालेली असे. रविवारची दुपार मात्र तिची आणि तिच्या बाबांची. फंगयुआन शहराच्या कालव्यापलीकडे आ-मान मावशीची कोळंबीची शेड आहे. वर पत्रा, खाली सिमेंटचं तळं, हिरवं पाणी, कडेने प्लास्टिकची स्टुलं. तासावर गळ भाड्याने घ्यायचा, आकड्याला कोंबडीच्या काळजाचा तुकडा लावायचा आणि बसायचं. मिळाली तर मीठ चोळून तिथेच भाजायची. ई-रौला ती क्वचितच मिळायची. गळाच्या दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बोंडूक खाली गेलं की तिच्या छातीत अशी धडधड सुरू व्हायची की ती भलत्याच वेळी गळ ओढायची. शेजारचे म्हातारे म्हणायचे, “ही पोरगी कोळंब्यांना फुकट जेवायला घालते.” तिला त्याचं काही वाटत नसे. सोमवार ते शुक्रवार तिचं सगळं बरोबर यावं लागायचं. इथे चुकलं तर कोळंबीचंच भलं होतं.

पण खरी गोष्ट वेगळी होती. बाबा निवृत्त बसचालक. आई गेली तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. ई-रौ रोज फोन करायची. “जेवलात?” “जेवलो.” “काय जेवलात?” “भात.” संपलं. समोरासमोर बसवलं तरी तेच. तळ्याकाठी मात्र शेजारी बसून, समोर पाण्याकडे बघत, ते बोलायचे. उभा जन्म समोरच्या काचेतून रस्ता बघत बोलण्यात गेलेला माणूस. तोंडाकडे बघून बोलायची त्यांना सवयच नव्हती. गुडघा कसा आहे, शेजारीण कुणाशी भांडली, आईने एकदा बदकाची खारवलेली अंडी कशी बिघडवली होती, हे सगळं रविवारी. तो रविवार नसता तर आपल्याला बाप उरला नसता, असं ई-रौला अगदी मनापासून वाटे.

आणि नेमकं त्याच रविवारवर गंडांतर आलं.

झालं असं की विभागाचे प्रमुख कुंग साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना ‘समतोल’ नावाचं खूळ घेऊन आले. कर्मचाऱ्याला काम हवं, तसे छंद आणि विरंगुळाही हवेत. आणि ते आहेत की नाहीत हे मोजायला हवं. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी आली. छाती शांत असली की पट्टी हिरवी, म्हणजे विरंगुळा. छाती धडधडली की लाल, म्हणजे काम. आकडे सांभाळायचं काम अर्थातच ई-रौच्या गळ्यात.

“साहेब, छाती काय, जिना चढलं तरी धडधडते,” ती म्हणाली.

“मग लिफ्टने जा,” साहेब म्हणाले.

महिन्याने निकाल लागला. साहेबांनी तिला बोलावलं. तिथे मनुष्यबळ खात्याच्या वू बाई आधीच बसल्या होत्या. वू बाई स्वभावाने मऊ, पण नियमाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं.

“ई-रौ, तुझा सगळ्यात चांगला विरंगुळा कधी होतो माहीत आहे?” साहेबांनी मोठ्या कौतुकाने पडद्याकडे बोट दाखवलं. “सोमवारच्या माझ्या बैठकीत. हिरवीगार आहेस. संपूर्ण विभागात दुसरा नंबर.”

पहिला नंबर आ-हावचा होता. आ-हाव तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याला डोळे उघडे ठेवून झोपता येत असे.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगून का टाकलं नाही बाईने, की साहेब, तुमच्या बैठकीत आम्ही सगळे डुलक्या काढतो म्हणून? अहो, कसं सांगणार? साहेब भला माणूस. ते आकृत्या दाखवत असत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा की बघणाऱ्याला दया यावी. शिवाय सोमवारची ती झोप अख्ख्या विभागाची होती, एकट्या ई-रौची नव्हती.

“काळजीची गोष्ट दुसरीच आहे,” वू बाई म्हणाल्या. “रविवारी दुपारी तू लालभडक असतेस. काय काम करतेस तेव्हा?”

“काम नाही बाई. कोळंबी पकडते.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्या मनाने.”

“म्हणजे वरिष्ठांना न विचारता काम,” वू बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, कायद्याने आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी असते. त्या दिवशी कर्मचाऱ्याने हौसेने केलं तरी काम चालत नाही. तपासणीला कुणी आलं आणि हा लाल रविवार बघितला तर दंड कंपनीला होईल.”

“पण मला पगार कोण देतंय कोळंबीचा?”

“तेच तर. बिनपगारी काम. ते तर आणखीच वाईट.”

साहेबांना वाटलं यंत्रातच काही बिघाड असावा, म्हणून त्यांनी आ-हावला सर्व्हरवर ठेवलेलं कुरकुऱ्याचं पाकीट बघून यायला सांगितलं. हिरवं, ताजं, न फोडलेलं पाकीट वर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी तिकडे सगळ्यांची श्रद्धा. पाकीट हिरवंच होतं, तारीखही उलटली नव्हती, कुणी फोडून खाल्लंही नव्हतं. म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागत होतं. म्हणजे आकडे खरे होते.

ई-रौने पुढच्या रविवारी शांत राहायचा प्रयत्न करून पाहिला. डोळे मिटून लांब लांब श्वास घेतले.

“पोटात दुखतंय का तुझ्या?” बाबांनी पाण्याकडे बघत विचारलं.

मग तिने आमिषच लावलं नाही. नुसता आकडा पाण्यात. कोळंबी येणारच नाही, तर धडधडणार कशाला? बाबांनी तिचा गळ वर ओढून पाहिला, रिकामा आकडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि एक मोठा तुकडा लावून दिला. बोंडूक लगेच खाली गेलं. पट्टी लाल.

शेवटी तिने पट्टी काढून खिशात टाकली. थोड्या वेळात बाबांचा फोन वाजला.

“लुओ काका ना? मी वू, कंपनीतून,” पलीकडून रडवेला आवाज आला. “काका, धीर धरा. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत.”

“कशाबद्दल?”

“तुमच्या मुलीबद्दल. तिची छाती बंद पडली.”

बाबांनी शेजारी बघितलं. “ती इथे नाकात बोट घालून बसलीय,” ते म्हणाले. “देऊ का तिला?”

नाडी लागली नाही तर घरच्यांना कळवायचं, ही अट ई-रौने स्वतःच यंत्रात घातली होती. आपलंच शहाणपण अंगाशी आलं.

सोमवारी फैसला झाला. ई-रौने यापुढे रविवारी तळ्यावर जायचं नाही. तिच्या विरंगुळ्याची जबाबदारी कंपनी घेईल. रविवारी दुपारी कुंग साहेब स्वतः येऊन तिच्यासाठी खास बैठक घेतील. सोबतीला पहिल्या नंबरचा आ-हाव.

“ताई, तुझं भलं होऊ दे,” आ-हाव तिच्या टेबलाशी येऊन दात खात म्हणाला. “तुझ्या कोळंबीपायी माझी सुट्टी भाजली.”

“तू थोडा कमी हिरवा झाला असतास तर काय बिघडलं असतं?”

“झोपेत कसं कळणार मला?”

त्या संध्याकाळी ई-रौने बाबांना फोन केला. “बाबा, येत्या रविवारी जमायचं नाही. ऑफिसात बैठक आहे.”

“हं.”

“त्याच्या पुढच्यालासुद्धा.”

“हं.”

“रागावलात?”

“नाही. भात लावलाय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिला रडू आलं. पट्टी लाल झाली, आणि यंत्राने तिच्या नावावर अर्धा तास जादा काम लिहून टाकलं.

रविवार उजाडला. बैठकीच्या खोलीत वू बाई धरून चौघं जमली. साहेबांनी सगळ्यांना बंद पेल्यांतला गार दुधाचा चहा मागवला होता; साखर निम्मी, बर्फ कमी, ज्याचा त्याला. पडद्यावर पहिली आकृती आली. आ-हावचे डोळे उघडे राहून विझले. ई-रौला मात्र डुलकी येईना, पण सगळं अंग बधिर झालं होतं. आत्ता बाबा खिडकीशी बसले असतील, दूरदर्शन लावून आवाज बंद करून, असं तिच्या मनात येत होतं. पट्टी हिरवीगार. वू बाईंनी ते पाहून समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं. खालचा पहारेकरी आत डोकावला. “साहेब, हे काका ऐकतच नाहीत. आज रविवार आहे एवढंच म्हणतात.”

त्याच्या मागून बाबा आत आले. डोक्यावर रविवारची टोपी, खांद्याला गळाची पिशवी, हातात काळजाच्या तुकड्यांचा डबा. त्यांनी कोपऱ्यातली एक खुर्ची ओढत आणली, ई-रौच्या शेजारी लावली आणि टोपी मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले.

“काका, आपण?” साहेब गोंधळले. “इथे बैठक चाललीय.”

“चालू द्या.”

“पण आपलं काही काम होतं का?”

“काम नाही,” बाबा पडद्यावरच्या आकृतीला उद्देशून म्हणाले. “रविवारी मी हिच्या शेजारी बसतो. कुठे बसायचं ते तुम्ही ठरवा.”

बाबांनी आकृतीकडे थोडा वेळ नीट बघितलं आणि मग नेहमीच्या आवाजात ई-रौला सांगायला लागले, “शेजारणीने पुन्हा जिन्यात कुंड्या ठेवल्या. मी काल अडखळलो. गुडघ्याला लागलं नाही. तुला फोनवर सांगणार होतो, पण फोनवर मला सुचत नाही.”

ई-रौची छाती धडधडायला लागली. आपण यांना तळ्यावर नेतो, यांना बोलतं करतो, असा तिचा इतके दिवस समज होता. तळ्याचं त्यांना काही पडलं नव्हतं. दोन बस बदलून, हातात कोंबडीचं काळीज घेऊन, ते तिच्या शेजारी बसायला आले होते. तिच्या मनगटावरची पट्टी लाल झाली. मग नुसती लाल न राहता चमकायला आणि वाजायला लागली.

वू बाई ताडकन उठल्या. “काम,” त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. “साहेब, ही काम करतेय. सक्तीच्या सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या खोलीत, आपल्या डोळ्यांदेखत काम करतेय.”

“काय काम करतेय? नुसती बसलीय.”

“पट्टी बघा ना. ई-रौ, ऊठ. आधी बाहेर हो. काका, हिला घेऊन जा, हात जोडते. कुठेही न्या.”

“तळ्यावर नेलं तर चालेल?” बाबांनी विचारलं.

“न्या हो, न्या. इथे नको म्हणजे झालं.”

“चहा तरी,” साहेब म्हणाले. त्यांनी ई-रौचा चहा तिच्या हातात दिला आणि स्वतःचा, अजून न उघडलेला, बाबांच्या हातात दिला. आ-हाव या सगळ्यात हिरवाच राहिला.

दोघं लिफ्टमध्ये शिरली. ई-रौ स्कार्फच्या टोकाने डोळे पुसत होती. पट्टी वाजायची थांबली होती, पण लाल होती. बाबा लिफ्टच्या बंद दाराकडे बघत उभे होते.

“ते हातातलं कशाने लाल होतं म्हणालीस?”

“छातीत धडधडलं की.”

“म्हणजे मी आलो तेव्हा?”

“हो बाबा. तुम्ही आलात तेव्हा.”

बाबांनी चहाचा एक घोट घेतला. लिफ्ट खाली येऊन थांबली, दार उघडलं, तरी ते जागचे हलले नाहीत.

“मलापण एक दे मागून असली पट्टी,” ते समोर बघत म्हणाले. “मला बोलता येत नाही. तुला दिसलं तरी असतं.”